आभाळाला छापील आधार

आमच्या कोश मंडळात शब्द कमी जमले, किस्से फार. शब्द निदान चिठ्ठीवर उतरायचे, ट्रंकेत पडायचे, त्यांच्यावर धूळ बसायची. किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत, म्हणून ते अजून ताजे आहेत. चार माणसं दहा-बारा वर्षं दर रविवारी एकाच सतरंजीवर बसली तर दुसरं काय होणार? सगळे किस्से हसायचे आहेत असं मात्र नाही. काही मी पूर्वी हसत सांगायचो, आता हसू येत नाही. तरी सांगतो.

मंडळ म्हणजे बेळगावच्या खडेबाजारात एका कापड दुकानाच्या माडीवरची खोली. आपल्या भागातल्या मराठीचा कोश करायचा असं ठरलं होतं. अध्यक्ष शास्त्रीबुवा, हायस्कुलात संस्कृत शिकवून पेन्शनीत निघालेले. दुसरे टिळकवाडीचे एक वकील. त्यांची वकिली चालत नव्हती, म्हणून त्यांना वेळ होता. तिसरे कल्लाप्पा मास्तर, सांबऱ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेचे, घरचे शेतकरी. सायकलवर यायचे. चौथा मी, ड्रॉइंग मास्तर. भाषेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं, म्हणून चिठ्ठ्या लिहायला घेतलं.

कोश झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'आ' संपायच्या आत मंडळ संपलं. चिठ्ठ्यांची ट्रंक माझ्या घरी पडून आहे.

*

पहिल्याच मीटिंगला शास्त्रीबुवांनी नियम घालून दिला. एका चिठ्ठीवर एक शब्द. त्याखाली अर्थ, त्याखाली व्युत्पत्ती आणि सर्वांत खाली छापील आधार, म्हणजे तो शब्द त्याच अर्थानं कुठे छापला गेलाय त्याची नोंद. छापील आधार नसेल तर मी तांबड्या शाईनं चिठ्ठीवर आडवं 'नामंजूर' लिहायचं. आधार ग्रंथातला असेल तर नुसतं नाव पुरे. सुटा कागद किंवा कात्रण असेल तर ते मंडळाच्या ट्रंकेत जमा करायचं, परत मागायचं नाही.

कल्लाप्पा मास्तर दाराजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, "आन शब्द नुसता तोंडी असला तर वो?"

"तोंडी असेल तो तोंडातच राहू दे," शास्त्रीबुवा म्हणाले. "अरे कल्लाप्पा, बोलतात सगळेच. कोश बोलणाऱ्यांचा नसतो."

शास्त्रीबुवा मला 'तुम्ही' म्हणत, वकिलांना 'रावसाहेब' म्हणत आणि कल्लाप्पा मास्तरांना 'अरे कल्लाप्पा'. माझं आणि मास्तरांचं वय एकच, दोघंही शाळामास्तर. हे मला तेव्हा खटकलं असं म्हणालो तर खोटं होईल.

*

'आकाश' या एका शब्दाला आम्ही वर्ष दिलं.

शास्त्रीबुवांचं म्हणणं, 'काश्' म्हणजे प्रकाशणं, चहूकडून प्रकाशतं ते आकाश. वकिलांचं म्हणणं, त्याच धातूचा 'अवकाश', म्हणजे मोकळी जागा, तेव्हा आकाशाचा खरा अर्थ पोकळी. आता उजेड की पोकळी, यावर दोन शहाणी माणसं किती भांडतील? श्रावणात सुरू झालं ते दिवाळी ओलांडून गेलं. शेवटी बोलणं बंद. दोघं एकाच सतरंजीवर, मध्ये मी.

शास्त्रीबुवा मला म्हणायचे, "वकिलांना सांगा, शब्द हा आकाशाचा गुण आहे असं दर्शनांत म्हटलंय."

मी वकिलांकडे मान वळवायची. वकील म्हणायचे, "ऐकलं. त्यांना विचारा, मग आकाशाला एक शब्द लिहून द्यायला आपल्याला वर्ष का लागतंय?"

कल्लाप्पा मास्तर त्या सबंध वर्षात एकदाच बोलले. म्हणाले, "आमच्याकडं आकाश कुनी म्हनतच न्हाय. आभाळ म्हनत्यात."

दोघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

"आभाळ म्हणजे 'अभ्र'चा अपभ्रंश," शास्त्रीबुवा म्हणाले.

"अगदी बरोबर," वकील म्हणाले. चार महिन्यांत दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले ते हे. मला तर सुटल्यासारखं झालं, आणि त्या आनंदात मास्तरांचं म्हणणं तिथंच राहिलं.

*

निपाणीला वकिलांचे मेहुणे होते. त्यांच्या ओळखीनं आम्ही तंबाखूच्या एका वखारीत शब्द गोळा करायला गेलो. आत पाऊल टाकताच शास्त्रीबुवांना ठसका लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही. ओळीनं बायका बसल्या होत्या, नाकातोंडावर पदर बांधून तंबाखू निवडत होत्या. त्या सकाळपासून तिथंच होत्या आणि आम्ही पाच मिनिटांत बेजार.

शास्त्रीबुवांनी नाकावर उपरणं धरूनच एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "बाई, वर जे असतं त्याला तुम्ही काय म्हणता?"

तिनं वर पाहिलं. "पत्रा."

"पत्र्याच्या वर, पत्र्याच्या वर!"

मास्तर मध्ये पडले. "आक्का, ह्यास्नी आभाळाचं इचारायचं हाय."

"ते व्हय?" बाई म्हणाली. "येताना अंधार, जाताना अंधार. सुट्टीदिवशी धुनं असतंय. वर बगतंय कोन?" आणि पुन्हा खाली बघून निवडायला लागली.

मास्तरांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. परत येताना मोटारीत शास्त्रीबुवा म्हणाले, "दिवस फुकट गेला. एक शब्द मिळाला नाही." आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली.

*

मास्तरांनी मात्र आभाळाचा नाद सोडला नाही. त्यांचं म्हणणं असं की आकाश आणि आभाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आपल्या आईइतकं नीट कुणीच सांगू शकणार नाही. इतकं लावून धरलं की एका रविवारी आम्ही टांगा करून त्यांच्या गावी गेलो.

त्यांची आई नागूबाई, सत्तरीच्या पुढची, अंगणात मिरच्या पसरत होती. शास्त्रीबुवांना बसायला घोंगडं घातलं, स्वतः जमिनीवर बसली. लख्ख ऊन होतं.

"बाई, आता वर काय आहे?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"आता काय न्हाय. मोकळं हाय."

"मग हे आभाळ नव्हे?"

"आता कुटलं आभाळ? आभाळ येतंय, उतरतंय, फुटतंय, जातंय. आलं की आमी पसरल्यालं आत घेतो. गेलं की परत पसरतो."

"मग हे निळं दिसतं ते काय?"

नागूबाईनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "ते लांब हाय. जे कदी आपल्याकडं येतच न्हाय, त्याला नाव कशाला ठेवायचं?"

वकील हसले. शास्त्रीबुवा हसले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता म्हणतील लिहा. ते म्हणाले, "चला, ऊन वाढतंय."

निघताना नागूबाईनं मुलाला विचारलं, "ह्ये माज्या सांगन्याचं काय करनार रं?"

"पुस्तकात घालनार, आयी."

"माजं नाव असंल त्यात?"

मास्तर चपला घालायला वाकले. कोशात आधार म्हणून ग्रंथाचं नाव यायचं, सांगणाऱ्याचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"कुनी सांगितलं ते नगं का कळायला?" ती म्हणाली.

"घालतो, आयी," मास्तर म्हणाले. टांग्यात बसल्यावर शास्त्रीबुवा त्यांना म्हणाले, "अरे कल्लाप्पा, म्हातारीला कशाला नादी लावलंस?"

*

मग मास्तर छापील आधाराच्या मागे लागले. पोथ्या धुंडाळल्या, पंचांगं धुंडाळली, शाळेची क्रमिक पुस्तकं चाळली. जिथं तिथं आभाळ म्हणजे आकाश, नाहीतर नुसता ढग. येणारं-जाणारं, माणसाला मिरच्या आत घ्यायला लावणारं आभाळ कुठेच छापलेलं नव्हतं. छापणाऱ्यांच्या अंगणात मिरच्या नसाव्यात.

शेवटी त्यांना कानडीतला एक छापील कोश सापडला. त्यात 'मुगिल' या शब्दाचे अर्थ दिले होते, ढगही आणि भरून आलेलं आभाळही. नागूबाई म्हणते तसंच हे आहे, शेजारच्या भाषेत तरी छापलंय, असं म्हणत मास्तर तो जाडजूड ग्रंथ सायकलला बांधून घेऊन आले.

वकील उसळले. "मराठी शब्दाला कानडी आधार? उद्या आपल्या घराची साक्ष शेजाऱ्याकडून घ्याल."

"आमच्या गावात दोनी भाषा एकाच चुलीवर शिजत्यात, वकीलसाहेब."

"तुमच्या गावात असेल. आमच्याकडे कानडीचा वारा नाही."

मी नामंजूर लिहिलं. मीटिंग संपवून सगळे खाली उतरलो. कोपऱ्यावर भाजीवाली बसली होती. वकिलांनी वांगी हातात घेऊन विचारलं, "एष्टु?" आणि पुढची पाच मिनिटं अस्खलित कानडीत भाव पाडत उभे राहिले. मास्तर सायकल धरून शेजारीच होते. त्यांनी ग्रंथाची दोरी पुन्हा घट्ट केली.

*

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत सांबऱ्याच्या माळावर विमानं उतरायला लागली. एका रविवारी वकील वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. त्यात 'आकाशयान' असा शब्द छापला होता. बेळगावात तो शब्द कुणाच्या तोंडून मी ऐकला नव्हता, पुढेही ऐकला नाही. लोक विमानच म्हणत, गावाकडे इमान म्हणत. पण छापील आधार होता. चिठ्ठी दहा मिनिटांत मंजूर झाली, कात्रण ट्रंकेत गेलं, शास्त्रीबुवांनी वकिलांना शाबासकी दिली.

मास्तर म्हणाले, "आमच्या आयीनं काल इमानाचा आवाज ऐकला आन सगळ्या मिरच्या गोळा करून आत नेल्या. मग भाईर यून बगितलं तर ऊन पडल्यालं. म्हनाली, ह्ये खोटं आभाळ हाय रं, नुसतं गुरगुरतंय, देत कायबी न्हाय."

"वा," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कुठे छापलंय?"

*

हा किस्सा मी कुणाला सांगत नसे.

मास्तरांच्या आभाळाच्या चिठ्ठ्या सात वेळा परत गेल्या. सातही वेळा तांबड्या शाईनं नामंजूर मीच लिहिलं. आणि लिहायचो कसं? हौसेनं. मोठं, ठसठशीत, शेवटच्या रकाराला झोकदार शेपटी. मला माझ्या अक्षराचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. मास्तर दर वेळी ती चिठ्ठी मागून घेत आणि टोपीत ठेवून घरी नेत. कशाला, ते मी विचारलं नाही.

एकदा शाळेच्या कामानं त्यांच्या गावाकडे गेलो होतो, तेव्हा घरी डोकावलो. मास्तर पाणी आणायला आत गेले. नागूबाईनं मला ओळखलं. देव्हाऱ्याशेजारच्या देवळीतून तिनं एक फडकं काढलं, सोडलं. आत सातही चिठ्ठ्या, कडा जुळवून ठेवलेल्या.

"बग," ती म्हणाली. "कल्लू म्हनाला पुस्तकात जायच्या आदी असं लिवून येतंय. काळं काय काय हाय ते न्हाय कळत मला. पर ह्ये तांबडं माजं नाव हाय." आणि तिनं माझ्या नामंजूरवरून बोट फिरवलं, अक्षराला धक्का लागू नये इतक्या हलकेच.

मास्तर तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"अक्षर कुनाचं रं?" तिनं विचारलं.

"ह्येंचंच, आयी."

"हात चांगला हाय लेकरा तुजा," नागूबाई मला म्हणाली.

मी पाणी प्यालो आणि निघालो. त्यानंतरच्या रविवारी तांबड्या शाईची दौत संपल्याचं मी शास्त्रीबुवांना सांगितलं. ती संपली नव्हती. माझ्याच्यानं एवढंच झालं, आणि पुढच्या रविवारी वकिलांनी नवी आणली.

*

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मास्तर दोन रविवार आले नाहीत. आम्ही चौकशी केली नाही, त्यांची वाट पाहायची आमच्यात पद्धतच नव्हती. तिसऱ्या रविवारी आले. डोकं भादरलेलं, वर टोपी. दाराजवळ बसले नाहीत. सरळ सतरंजीवरच्या बसक्या मेजापाशी आले, कोटाच्या आतल्या खिशातून पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद काढला आणि शास्त्रीबुवांपुढे ठेवला.

उत्तरकार्याची पत्रिका होती. आमच्या शहरातल्या घरांत अशा पत्रिका छापायची रीत होती. त्यांच्या गावात कुणी गेलं तर माणूस पाठवून सांगत.

शास्त्रीबुवांना मोठ्यानं वाचायची सवय होती. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

"मंगळवारी सकाळी आभाळ आले. अंगणात वाळत घातलेले भात आत घेऊन झाल्यावर आमच्या मातोश्री नागूबाई उंबऱ्यावर बसल्या, त्या तिथेच वारल्या. मग आभाळ गेले."

पुढे कार्याचा दिवस होता, तो त्यांनी वाचला नाही. पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, या वेळी मनातल्या मनात. वकिलांचा पानाला चुना लावणारा हात थांबला.

"छापील हाय," मास्तर म्हणाले. "खाली प्रेसचं नाव बी हाय."

मग शास्त्रीबुवांनी एक कोरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "लिहा. आभाळ. अर्थ: येतं आणि जातं ते."

मी लिहिलं. ट्रंकेतल्या सगळ्या चिठ्ठ्यांत माझं अक्षर वाकडं आलेली ती एकच चिठ्ठी आहे.

"व्युत्पत्ती काय लिहू?" मी विचारलं.

"राहू द्या. आधार लिहा. नागूबाई यांच्या उत्तरकार्याची पत्रिका." मग ते वळले. "बसा, मास्तर."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा 'बसा' म्हटलं. मास्तर बसले नाहीत. पत्रिकेकडे बघत उभे राहिले.

"सुटा कागद आहे," शास्त्रीबुवा अडखळत म्हणाले. "नियमाप्रमाणे इथं जमा करावा लागतो. तुमच्याकडे बाकीच्या असतीलच. किती छापल्यात?"

"एकच," मास्तर म्हणाले. "पावन्यास्नी मानूस धाडून सांगितलं. वाचनारं तेवडं तुमीच."

त्यांनी मेजावरचं पितळी वजन उचललं, पत्रिकेवर नीट मध्यावर ठेवलं आणि जिना उतरून गेले.